नागराजचा पहिला अंक : फाटलेली शेवटची पानं अखेर वाचली

बार्शीलाईट

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात नागराजच्या, म्हणजे अंगात साप असलेल्या त्या हिंदी कॉमिक्समधल्या सुपरहिरोच्या, पहिल्या कॉमिकचं रिप्रिंट घरी आलं, १९८६ सालचं 'नागराज', राज कॉमिक्सचं, आणि ऑफिसची बॅग खांद्यावर तशीच ठेवून सोफ्यावर बसून वाचून काढलं, आणि संपल्यावर परत पहिल्या पानापासून सुरू केलं. हे कॉमिक मी लहानपणी पंधरा वीस वेळा तरी वाचलंय पण त्याचा शेवट आयुष्यात कधी वाचला नव्हता, म्हणून हा धागा.

झालं असं की आमच्या बार्शीत गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान होतं आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्याच्या फळीसमोर सुतळ्या बांधून त्यावर कॉमिक्स वाळत घातल्यासारखी लटकवलेली असायची. तिथेच पायरीवर बसून वाचलं तर चार आणे, घरी न्यायचं तर आठ आणे दिवसाला. मराठी काही नाही, सगळी हिंदी. नागराजचा पहिला अंक म्हणजे इतक्या हातांतून गेलेला की मूळचे स्टेपल निघून दोन वेळा दाभणाने शिवलेला, वरून खाकी पुठ्ठा, त्यातल्या खलनायक प्रोफेसर नागमणीला कुणीतरी निळ्या बॉलपेनने मिशा काढलेल्या, आणि एका पानावर शेंगदाण्याच्या तेलाचा डाग एवढा मोठा की मागच्या पानावरची चित्रं आरपार दिसायची. आणि शेवटची पानं नव्हतीच. मुंगसाने नागराजला लोळवलंय, एवढ्यावर पुस्तक संपायचं आणि पुठ्ठा यायचा.

माझा चुलतभाऊ, आमचा दादा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तो छातीठोकपणे सांगायचा की मुंगसाने खाल्ला त्याला. मी म्हणायचो अरे मग शेजारी 'नागराज की कब्र' लटकतंय त्यात तो जिवंत कसा आणि गुंडांना का मारतोय, तर दादा म्हणायचा तो दुसरा नागराज. वर्षानुवर्षं मी हेच धरून चाललो होतो, की पहिला नागराज वाईट होता तो मेला आणि मग कुठूनतरी एक चांगला आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. प्रोफेसर नागमणी नावाचा शास्त्रज्ञ एक जिवंत हत्यार तयार करतो, तोच नागराज, रक्तात सूक्ष्म साप, श्वासात विष, दात लागला की समोरचा संपला. आणि हे हत्यार त्याला जगभरच्या अतिरेक्यांना भाड्याने द्यायचंय. नीट वाचा, भाड्याने. आता गिऱ्हाइकांना माल दाखवायचा तर आधी नमुना हवा, म्हणून तो नागराजला एका देवळातली देवीची सोन्याची मूर्ती चोरून आणायला पाठवतो. देवळाला भक्तांचा पहारा, सापांचा पहारा, आणि ३०० वर्षं वयाचे बाबा गोरखनाथ. नागराज मूर्ती मिळवतो सुद्धा! पण मग बाबा आडवे येतात आणि त्यांचं काळं मुंगूस शिकांगी त्याला हरवतं.

माझी गोष्ट इथे थांबली होती.

तर पुढे असं आहे की बाबा त्याला मारत नाहीत. ते त्याच्या मनात शिरून बघतात तर कळतं की हा जे करतोय ते याचं नाहीच, नागमणीने याच्या डोक्यात एक कॅप्सूल बसवलीय आणि हा तिच्या हुकमाने चालतोय. बाबा ती काढतात. आणि मग तो मोकळा होतो, बाबांचा शिष्य होतो आणि जगातून गुन्हेगारी आणि आतंकवाद संपवायची शपथ घेतो. बस्स, एवढंच. पण मी पंचेचाळिशीचा माणूस, ते पान उघडं ठेवून कितीतरी वेळ बसलो होतो. ज्याच्या नावाचं कॉमिक आहे तो अख्ख्या कॉमिकभर कुणाचातरी नोकर सुद्धा नाहीये, वस्तू आहे, आणि चोरी करताना त्याला आपण चोरी करतोय हेही कळत नाहीये. आपण लहानपणी त्याच्या मनगटातून निघणारे साप बघत राहिलो, सगळ्यात मोठी गोष्ट ती नव्हतीच.

आणि आता जे सांगतो त्यासाठी खरंतर एवढं लिहिलं. आमच्या घरी आजी श्रावणात नवनाथांची पोथी लावायची. धुंडिसुत मालूंचं नवनाथ भक्तिसार, ४० अध्याय, रोज ठरलेले अध्याय, समोर समई, आणि मला शेजारी बसवायची कारण तिला मधेच चष्मा सरकला की ओळ सापडायची नाही, मी बोट ठेवायचो. त्यात मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात जाऊन अडकतात, संसारात पार बुडतात, आपण कोण हेच विसरतात, आणि त्यांना सोडवायला त्यांचाच शिष्य गोरख जातो. वेष बदलून नाचगाण्याच्या ताफ्यात शिरतो, मृदंग वाजवतो आणि मृदंगातून बोल निघतात, चलो मच्छिंदर गोरख आया! तिथे आजीचा आवाज चढायचा. दर वर्षी.

म्हणजे गोरखनाथांचं काम काय, तर दुसऱ्याच्या अमलाखाली गेलेल्याला जागं करणं. पोथीतही तेच आणि या कॉमिकातही तेच. हे मला त्या पायरीवर बसून कळणं शक्यच नव्हतं कारण नेमकी ती पानं फाटलेली होती. तुम्हाला काय वाटतं? कुणी त्या काळी पूर्ण अंक वाचला होता का? आपापल्या आठवणी लिहा.

---

रेघोट्या

अप्रतिम लिहिलंय. पूर्ण अंक वाचला होता, मामा रेल्वेत होता त्यामुळे स्टेशनच्या स्टॉलवरची कॉमिक्स नवी कोरी मिळायची.

एक गोष्ट सांगायलाच हवी, हा पहिला नागराज ज्यांच्या हातून उतरला ते प्रताप मुळीक आपले पुण्याचे. गोष्ट परशुराम शर्मांची, राज कॉमिक्स दिल्लीची, पण चेहरा दिला मुळीकांनी. अमर चित्र कथेत त्यांनी किती काम केलंय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि ८० च्या दशकात अमिताभ बच्चनना नायक करून 'सुप्रीमो' कॉमिक्स निघाली होती त्याची चित्रंही त्यांचीच. मी स्वतः चित्रं काढतो म्हणून सांगतो, पहिल्या अंकातलं ते देऊळ, तो साधू, पौराणिक चित्रं काढून काढून बसलेला हात आहे तो. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर बाबा गोरखनाथ म्हणजे जादूगार वाटला असता. मुळीकांचा बाबा आपल्याला घाटावर भेटेल असा आहे.

आणि नागराजचं अंग! आखाड्यातल्या पैलवानाचं अंग आहे ते, भरलेलं आणि जरा जडसर. इंग्रजी कॉमिक्समधले हिरो कोनाकोनाचे दिसतात, याचे खांदे गोल आहेत. ब्रशची रेघ जाड होत होत बारीक होते आणि तिथेच स्नायू संपतो. मी ती रेघ किती वर्षं कॉपी करायचा प्रयत्न केलाय.

---

नीलमोहर

वा! धागा वर राहू दे.

---

कोरा_कागद

लेख आवडला पण एक शंका. कॉमिकातले बाबा ३०० वर्षांचे आहेत ना? नाथपंथाचे गोरखनाथ ज्ञानेश्वरांच्याही आधीचे. गोरखनाथ, मग गहिनीनाथ, मग निवृत्तीनाथ, मग ज्ञानेश्वर अशी परंपरा, म्हणजे ७०० वर्षांच्या पलीकडची गोष्ट झाली. म्हणजे हे ते नव्हेत. आणि लिहिणारे उत्तरेकडचे, तिकडे गोरखपूर आहे, तिथला मठ आहे, तिथे हे नाव घराघरात आहे. त्यांनी एका सिद्ध साधूसाठी ओळखीचं नाव घेतलं असेल. आपण त्यात आपली पोथी बघतोय असं तर नाही?

---

बार्शीलाईट

@कोरा_कागद, वयाचं गणित तुमचं बरोबर आहे आणि लेखकाने आपली पोथी वाचून लिहिलं असं माझं म्हणणं मुळीच नाही. पण नाव घेतलं की नावाबरोबर जे येतं ते येतंच की. गोरखपूरकडेही 'जाग मछंदर गोरख आया' म्हणतातच. समजा त्या साधूचं नाव दुसरं काही ठेवलं असतं तर त्याने मुंगूस सोडलं, जिंकला, मूर्ती परत देवळात गेली, गोष्ट खलास. त्या साधूने हरलेल्या चोराच्या आत डोकावून बघावं ही इच्छा त्याला का व्हावी? मला वाटतं गोरखनाथ म्हटल्यावर ते आपोआप आलं. ठरवून आलं असेल नसेल, पण आलं.

रेघोट्या, पैलवानाचं अंग हे एकदम पटलं! आता परत अंक काढून बघितला.

---

शिराळ्याची_नात

मी इथे फारसं लिहीत नाही पण आज राहवलं नाही. माझं आजोळ बत्तीस शिराळा, सांगली जिल्हा. आमच्याकडे नागपंचमीला जिवंत नागाची पूजा का सुरू झाली याची गोष्ट लहानपणापासून ऐकलीय आणि ती गोरक्षनाथांचीच आहे. नाथ भिक्षा मागत महाजनांच्या दारी आले, बाई मातीच्या नागाची पूजा करत होती म्हणून भिक्षा घालायला उशीर झाला. नाथांनी विचारलं, मातीच्या नागाला पुजतेस, जिवंत नागाला पुजशील का? ती हो म्हणाली. तेव्हापासूनची प्रथा असं सांगतात. गावात गोरक्षनाथांचं देऊळ आहे.

कोर्टाच्या आदेशानंतर जिवंत नागाची पूजा बंद झाली, ते योग्यच झालं असं माझं मत आहे कारण मी लहानपणी ते नाग मडक्यातून काढताना अगदी जवळून बघितलेत, फणा काढून काढून दमून गेलेला नाग कसा दिसतो ते मला माहीत आहे. लोक टाळ्या वाजवायचे आणि मी आजीच्या पदरामागे लपायचे, भीती वाटायची म्हणून नाही, त्याच्याकडे बघवायचं नाही म्हणून.

तुमच्या लेखातलं 'वस्तू आहे' हे वाचलं आणि तोच नाग डोळ्यासमोर आला. नाग आणि गोरखनाथ हे दोन्ही आमच्या गावात एकत्र आहेत, त्यामुळे या कॉमिकात ते एकत्र आले याचं मला अजिबात नवल वाटलं नाही.

---

बार्शीलाईट

ताई, ही गोष्ट मला माहीतच नव्हती. फार मोलाची भर घातलीत, अंगावर काटा आला.

---

डॉक_यवतमाळ

मुंगसाबद्दल लिहितो. आमच्याकडे दवाखान्यात पावसाळ्यात सर्पदंशाच्या केसेस येतातच त्यामुळे हा विषय जवळचा.

नागाचं विष मुख्यतः मज्जासंस्थेवर जातं. नसेकडून स्नायूला जो निरोप जातो तो स्नायूवरच्या एका जागी, रिसेप्टरवर, घेतला जातो. विष नेमकं तिथे जाऊन बसतं, निरोप पोचत नाही, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. मुंगसाच्या अंगात त्या रिसेप्टरची घडणच जरा वेगळी आहे, विषाला तिथे नीट बसताच येत नाही. शिवाय चपळाई आणि दाट ताठ केस. तरी भरपूर विष गेलं तर मुंगूसही दगावतं, अगदी अमर नाही ते. म्हणजे नागराजसमोर मुंगूस उभं करणं यात लेखकाने निसर्गाचाच नियम वापरलाय, उगाच मंत्रतंत्र नाही.

दुसरं, विष पचवून पचवून अंग विषारी होण्याची कल्पना आपल्याकडे विषकन्येपासून आहे. प्रत्यक्षात त्याच्या जवळ जाणारं काम घोड्यांवर होतं. हाफकिन संस्थेत सर्पदंशावरचं प्रतिविष असंच बनत आलं आहे, घोड्याला विषाचे अगदी थोडे डोस वाढवत वाढवत देतात, त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात, ती वेगळी काढून शुद्ध करतात आणि तीच बाटली आम्ही पेशंटला लावतो. म्हणजे खऱ्या जगात विष पचवलेल्या प्राण्याचं रक्त माणसं वाचवायला लागतं. नागमणीने त्याच कल्पनेतून मारणारा बनवला. बाबांनी त्याला पुन्हा वाचवणाऱ्यांत आणला असं म्हणता येईल.

आणि हात जोडून विनंती, साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका, माणसाला चालवू नका, हात पाय फार न हलवता सरळ मोठ्या दवाखान्यात आणा. बाबा बुवांकडे गेलेले दोन तास आम्हाला परत आणता येत नाहीत.

---

कोरा_कागद

डॉक, रिसेप्टरचा भाग भारीच. आमच्याकडे शेतात मुंगूस दिसलं की पोरं ओरडायची, मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ! आणि ते खरंच वळून बघायचं.

---

सायली_मोडक

मी जरा वेगळं म्हणणार आहे. आमच्या गावात कॉमिक्सच्या फळीसमोर मुलींनी बसायचं नाही असा अलिखित नियम होता, भाऊ आणायचा ते मी रात्री वाचायचे, सकाळी सातला परत द्यायचं असायचं. इच्छाधारी, प्रतिशोध, प्रलयंकारी हे सगळे शब्द मी तिथे शिकले आणि पाचवीत हिंदीच्या बाईंनी प्रतिशोधचा अर्थ विचारला तर अख्ख्या वर्गात एकटीने हात वर केला होता.

पण माझा हिरो राज कॉमिक्सचाच सुपर कमांडो ध्रुव. त्याचा पहिला अंक 'प्रतिशोध की ज्वाला', १९८७, लेखन आणि चित्रं दोन्ही अनुपम सिन्हा. सर्कशीत वाढलेला मुलगा, ज्युपिटर सर्कस जळते, आईवडील जातात, आणि त्याच्याकडे कुठलीही शक्ती नाही, कसरत येते, जनावरांची पाखरांची भाषा येते आणि डोकं चालतं. तो चिडलेला आहे आणि का चिडलाय ते त्याला माहीत आहे. तुमचा नागराज अख्ख्या पहिल्या अंकात स्वतः काहीच ठरवत नाही. त्याला बाहेरून कुणीतरी सोडवतं. मला लहानपणी हेच आवडायचं नाही, आणि आता तुमचा लेख वाचूनही पूर्ण पटलेलं नाही. नायकाने स्वतःला सोडवायला नको?

---

बार्शीलाईट

सायलीताई, तुमचा मुद्दा मी दोन दिवस डोक्यात घोळवला म्हणून उत्तराला उशीर.

ध्रुवबद्दल शंभर टक्के सहमत, तो अंक मलाही पाठ आहे. पण ध्रुवला आई होती, बाप होता, सर्कशीतली सगळी माणसं होती, बर्थडे असेल, कुणीतरी त्याला नावाने हाक मारलेली होती. त्याच्याकडे गमावण्यासारखं काहीतरी होतं म्हणून तो चिडू शकला. नागराजला यातलं पहिल्या अंकात काहीच नाही. तक्षकराज, नागपाशा वगैरे घराण्याची सगळी गोष्ट नंतर आली. ज्याच्या डोक्यातच दुसऱ्याचा हुकूम बसवलाय त्याने स्वतःला सोडवायचं तरी कशाने, ज्या डोक्याने सोडवायचं तेच ताब्यात आहे ना. मच्छिंद्रनाथ तर केवढे सिद्ध, त्यांना तरी कुठे स्वतःहून निघता आलं? कुणीतरी बाहेर मृदंग वाजवावाच लागला.

आणि ठरवतो की तो, शेवटच्या पानांत ठरवतो! मोकळा झाल्यावर निघून जाता आलं असतं, नागमणीचा जीव घेऊन विषय संपवता आला असता. त्याने शपथ घेतली. त्याचं स्वतःचं असं ते पहिलं काम.

माझ्या नात्यातला एक मुलगा व्यसनात गेला होता, जास्त लिहीत नाही. घरातले सगळे त्याला म्हणायचे तुझं तूच ठरव, तुझं तूच ठरव. तो ठरवायच्या स्थितीतच नव्हता. त्याला एकाने हाताला धरून नेलं, तिथे राहिला, आणि मग पुढचं सगळं त्यानेच केलं, आज सहा वर्षं झाली. म्हणून मला नागराजचं ते सोडवलं जाणं कमीपणाचं वाटत नाही.

---

सायली_मोडक

हे पटलं. मनापासून पटलं. आज रात्री परत वाचते तो अंक, भावाकडे असेल.

---

रेघोट्या

मधेच थोडं अवांतर. ९० च्या मध्यानंतर मुळीक थांबले आणि नागराज अनुपम सिन्हांकडे गेला. पुष्कळ लोक म्हणतात तेव्हापासून शक्ती वाढत गेल्या आणि मजा गेली, मला तसं वाटत नाही, सिन्हांची पानं म्हणजे एकेका चौकटीत किती घडतंय, डोळा ठरत नाही, आणि नागराज ध्रुव एकत्र आले की त्यांच्यासारखं कुणी हाताळलं नाही. फक्त एवढंच की नंतरच्या नागराजला कुणी कॅप्सूल बसवू शकेल असं वाटेना. पहिल्या अंकातल्याला बसवू शकतं. म्हणून त्याची काळजी वाटते.

जाता जाता, राज कॉमिक्सचाच आणखी एक हिरो भोकाल, त्याची चित्रं दिलीप कदमांची, तीही बघा कधी. दिल्लीतून निघणाऱ्या हिंदी कॉमिक्समध्ये मराठी हात किती होते यावर वेगळा धागा काढायला हवा.

---

नीलमोहर

काढाच! वाट बघतोय.

---

बार्शीलाईट

शेवटचं लिहितो. रविवारी दादाला फोन केला. तो आता सोलापूरला असतो, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घरीच आहे. म्हटलं दादा, नागराज मेला नव्हता रे, तो पहिलाच नागराज आहे. त्याला आधी काही कळेना. मग सायकलचं दुकान म्हटल्यावर एकदम हसला आणि म्हणाला, वाच बरं. मग मी फोनवर त्याला शेवटची पानं वाचून दाखवली, एकेक चौकट, कोण कुठे उभा आहे ते सांगून, आजीला ओळ दाखवायचो तसं बोट ठेवून. कॅप्सूल काढतात तिथे तो म्हणाला थांब, परत वाच.

संपल्यावर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, शेवटची पानं मीच फाडली होती. घरी नेलं होतं एकदा, तुला द्यायच्या आधी, आणि शपथ घेतानाचा नागराज भिंतीला चिकटवायचा होता मला. वडील मारतील म्हणून गादीखाली ठेवली आणि मग ती कुठे गेली कुणास ठाऊक.

अंक काल पार्सलने सोलापूरला पाठवलाय. त्याला भिंतीला लावायचा असेल तर लावू दे.